कॅम्पसवरची मांजरं: ओळखीपासून नसबंदीपर्यंत आणि मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत

कॅम्पसवरच्या मांजराशी ओळख व्हायला फार काही लागत नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी थोडं खाणं ठेवून गप्प बसलात की दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मांजरं हातभर अंतरावर येऊन बसतात. कस लागतो तो त्यानंतर. एमएचा विद्यार्थी दोन वर्षांत जातो, इंजिनिअरिंगचा चार वर्षांत. मांजर तिथेच राहतं. परीक्षा संपल्या, हॉस्टेल ओस पडलं, मेसला कुलूप लागलं, की वर्षभर हातातून चिकन खाल्लेली मांजरं कचराकुंड्या उकरायला लागतात. तोवर त्यांना पिल्लंही झालेली असतात. म्हणून या लेखात लाडापेक्षा नसबंदीला आणि सुट्ट्यांना जास्त जागा दिली आहे. उदाहरणं पुण्या-मुंबईकडची आहेत, कारण माझा वावर तिथला. नागपूर-कोल्हापूरला तपशील थोडे बदलतील, काम तेच.

आधी अड्डा ठरवा, मग मोजा

सगळ्या कॅम्पसचा भार उचलायला जाऊ नका. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं आवार चारशे एकरांहून मोठं आहे. तिथली सगळी मांजरं सांभाळतो म्हणणारा गट सहा महिन्यांत दमून बसेल. एक कॅन्टीन, एक हॉस्टेल किंवा एक पार्किंग एवढंच घ्या. मांजर सकाळी लवकर आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त हिंडतं, त्यामुळे आठवडाभर त्या दोन वेळांना चक्कर मारा. प्रत्येकाचे फोटो काढा: चेहरा, दोन्ही कुशी, शेपूट आणि कान. दोन्ही कुशी यासाठी, की एका बाजूने सारखी दिसणारी दोन काळीपांढरी मांजरं दुसऱ्या बाजूने ओळखू येतात.

नर-मादी लांबूनच पुष्कळदा कळतं. पूर्ण वाढलेल्या, नसबंदी न झालेल्या बोक्याचे गाल थोराड असतात, मान जाड असते आणि कानांवर मारामारीच्या खुणा असतात. पांढरा, काळा आणि तांबूस असे तीन रंग अंगावर असतील तर ती जवळजवळ नक्की भाटी, म्हणजे मादी. तांबडं मांजर बहुतेक वेळा बोका निघतं, पण तिथे पैज लावू नका. एका कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं दिसलं तर त्या मांजराची नसबंदी आधीच झाली आहे. हे टोक शस्त्रक्रियेच्या वेळी, भूल दिलेली असताना मुद्दाम कापतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडलं जाऊ नये. मारामारीत फाटलेला कान वेडावाकडा असतो, हा सरळ.

खरी माहिती मात्र फोटोंतून येत नाही. मेसच्या मागच्या दाराशी भांडी घासणाऱ्या मावशींना विचारा. "ती पांढरी होय? मागची पिल्लं तिनं जिन्याखाली घातली होती. एकच जगलं. आता गाभण हाय परत." एवढ्या चार वाक्यांत तुमच्या वहीचं अर्धं पान भरतं. रात्रपाळीच्या सिक्युरिटीवाल्या काकांना कोणता बोका कोणत्या गाडीखाली झोपतो हे पाठ असतं. माळी, सफाई कर्मचारी, चहावाला हे लोक पंधरा-वीस वर्षं तिथे आहेत. त्यांच्या आधी आपल्याला मांजरं कळली असा आव आणलात तर पुढची मदत मिळणार नाही.

वहीत किंवा शेअर केलेल्या शीटमध्ये प्रत्येक मांजराला एक ओळ द्या: नाव, रंग, नर की मादी, अंदाजे वय, कानाची खूण, शेवटचं कधी दिसलं. नावं सगळ्यांनी मिळून ठरवा. नाहीतर एकाच भाटीला मेसमध्ये मनी, हॉस्टेलमध्ये लूना आणि ग्रंथालयात चिंगी म्हणतात, आणि मोजणीत ती तीनदा येते.

दोस्ती कशी करायची

पहिले काही दिवस खाणं ठेवा आणि चार-पाच पावलं मागे सरून बसा. उभं राहू नका. मांजराकडे तोंड करूनही बसू नका, थोडं तिरकं बसा आणि फोन बघत राहा. एकटक बघणं त्याला धमकी वाटते. नजर भिडलीच तर डोळे सावकाश मिटा आणि सावकाश उघडा. ससेक्स आणि पोर्ट्‌समथ विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलं. अनोळखी माणसाने आधी असे डोळे मिचकावले, तर मांजर त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे जास्त सहज येतं, असं त्यांना आढळलं. मांजरवेड्या लोकांना हे आधीपासून ठाऊक होतं, पण आता त्याला कागद मिळाला.

रोज थोडं अंतर कमी करा. मांजर स्वतः जवळ आलं की एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरा. त्याने वास घेऊन गाल घासला तर परवानगी मिळाली. तोंड फिरवलं तर आज नाही. हात लावायचा तो गालांवर, हनुवटीखाली आणि कानांच्या मुळाशी. डोक्यावरून एकदम हात आणू नका. वरून येणारी सावली त्याला घारीसारखी वाटते. तीन-चार वेळा कुरवाळून हात काढून घ्या आणि बघा, ते पुन्हा अंग घासतं का. पोट दाखवून लोळलं म्हणजे विश्वास आहे, पोटाला हात लावा असं आमंत्रण नाही. पहिल्याच आठवड्यात हातावर ओरखडे येतात ते बहुतेक इथेच.

शेपूट उभी आणि टोक किंचित वाकलेलं, तर स्वारी खुशीत आहे. शेपटीचं टोक फटफट आपटायला लागलं, पाठीवरचं कातडं थरथरलं, कान मागे पडले, की थांबा. फिस्कारणं ही शेवटची सूचना, त्यानंतर पंजा येतो.

काही मांजरं कधीच जवळ येणार नाहीत. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाच्या सहवासात आलं तर ते माणसाळतं. तो काळ गेला की मोठेपणी काम फार कठीण होतं. अशा मांजराला माणसाळवण्याच्या फंदात पडू नका. त्याला खाणं, नसबंदी आणि लांबून नजर एवढं पुरे. उलट अनोळखी माणसाच्या पायाला येऊन चिकटणारं, घरच्यासारखं गुरगुरणारं मोठं मांजर अचानक दिसलं तर कुणीतरी आणून सोडलेलं असण्याची शक्यता मोठी. त्याला लवकरात लवकर घर शोधा, कारण घरात वाढलेल्या मांजराला बोक्यांच्या हद्दी आणि कुत्र्यांची टोळी कळत नाही.

माझं एक मत इथेच सांगून टाकतो. मांजर तुमच्या दोन-चार जणांजवळ येऊ दे, पण दिसेल त्या माणसाच्या मांडीवर चढायची सवय लावू नका. कॅम्पसवर सगळेच प्रेमळ नसतात. रीलसाठी मांजराला उचलून नाचवणारेही तिथेच हिंडतात आणि लाथ मारणारेही. आणि हॉस्टेलच्या खोलीत तर नेऊच नका. रूममेटला दमा निघतो, रेक्टर येतात, आणि एका मांजरामुळे सगळ्या मांजरांविरुद्ध नोटीस लागते.

काय घालायचं, किती आणि कुठे

दूध नको. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. दूध-पोळी, दूध-भात हे आपल्या आजीच्या घरचं मांजर खायचं खरं, पण ते दिवसभर उंदीरही मारायचं. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल त्याला मांस-मासळीतूनच मिळवावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय दोन्ही खराब होतात. त्यामुळे शाकाहारी मेसचं उरलेलं घालून मांजरं सांभाळू हा विचार सोडून द्या. ज्यांना मांसाला हात लावायचा नाही त्यांनी तयार कोरडं खाद्य घालावं, त्यात टॉरिन घातलेलं असतं.

तीन-चार किलोच्या मांजराला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम कोरडं खाद्य पुरतं. पाकिटावर वजनाप्रमाणे तक्ता असतोच. कॅन्टीनमधून त्याला बाकीचंही मिळतं, तेव्हा मूठभर कमीच द्या. स्वस्तात करायचं तर बिनहाडाचं चिकन मीठ-हळद काही न घालता उकडा, सुटलेल्या पाण्यासकट थोड्या भातात कुस्करा. चिकनवाल्याकडे "मांजरांसाठी" म्हटलं की तो तुकडे-छाट स्वस्तात देतो. कलेजी आठवड्यातून एकदाच, कारण रोज दिली तर अ जीवनसत्त्व जास्त होतं. शिजवलेली हाडं बिलकूल नकोत. त्यांचे अणकुचीदार तुकडे पडून घशात किंवा आतड्यात अडकतात. सुके बोंबील, सुकट मांजराला वेड लावतात, पण त्यात मीठ फार असतं. पिंजऱ्यात यायला आमिष म्हणून ते राखून ठेवा.

विषारी गोष्टींत सगळ्यात वरचा नंबर कांदा-लसणाचा. त्यांनी मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात आणि रक्त कमी होतं. म्हणजे चिकन करीचा रस्सा, आमटी, कांदेपोहे, बिर्याणीचा मसाला लागलेला भात, सगळं बाद. "थोडंसंच होतं" म्हणून रोज थोडंसं घालणं जास्त वाईट. चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणेही नकोत.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा: लोकांच्या वाटेत नको, कुत्र्यांच्या वाटेत नको, आणि मांजराला पळून जायला झाड, भिंत किंवा जाळी जवळ हवी. वेळ उजेडातली ठेवा. पंचवीस-तीस मिनिटं थांबा, उरलेलं उचला, जागा पुसा. हा अर्धा तास टाळलात तर मुंग्या, उंदीर, कावळे आणि कुत्रे येतात, आणि मग तक्रार मांजरांविरुद्ध जाते. पवईच्या आयआयटीसारख्या, जंगलाला लागून असलेल्या कॅम्पसवर तर हे फारच महत्त्वाचं. तिथे बिबट्या दिसल्याच्या बातम्या येत असतात, आणि रात्री उघड्यावर पडलेल्या अन्नाभोवती कुत्रे जमले की बिबट्याला बोलावणं धाडल्यासारखंच. अंधार पडायच्या आत वाट्या रिकाम्या हव्यात.

मुंग्यांवर साधा उपाय: पसरट ताटलीत पाणी घाला आणि मधोमध खाण्याची वाटी ठेवा. मांजराला ताटलीच्या कडेवरून वाकून खाता येतं, मुंगीला पाणी ओलांडता येत नाही. प्यायच्या पाण्याचं भांडं खाण्यापासून थोडं लांब, सावलीत, जड मातीचं किंवा सिमेंटचं ठेवा. प्लास्टिकचं उलटतं आणि चोरीलाही जातं.

कॅम्पसवर पक्षी असतात आणि त्यांची माया असलेले पक्षिनिरीक्षकही. मांजर पोट भरलेलं असलं तरी शिकार करतं, हे नाकारून वाद घालू नका. दाट झाडीच्या, तळ्याकाठच्या भागात खाणं ठेवायचं नाही, मांजरांना इमारतींच्या बाजूला वळवायचं, आणि संख्या वाढू द्यायची नाही, यावर दोन्ही बाजू एकत्र येऊ शकतात.

नसबंदी: हे झालं नाही तर बाकीचं व्यर्थ

भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गाभणकाळ नऊ आठवड्यांचा, एका वेळी तीन ते पाच पिल्लं, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. आपल्याकडे दिवस फारसे लहान होत नाहीत, त्यामुळे जवळजवळ वर्षभर हे चालतं. चांगलं खायला घालून नसबंदी न करणं म्हणजे पुढच्या वर्षी दुप्पट मांजरं आणि त्यांतली बरीच पिल्लं डोळ्यांदेखत मरताना बघणं. पैसे आणि वेळ मोजकाच असेल तर खाण्यातला काढा आणि इथे घाला. आणि आधी भाट्या, मग बोके. एक बोका उरला तरी तो सगळीकडे फिरतो. एक-एक भाटी कमी होत गेली की पिल्लं खरोखर कमी होतात.

कुठे करायची? मुंबई आणि पुण्याच्या महापालिका मांजरांच्या नसबंदीचं काम संस्थांमार्फत करून घेतात. आपल्या महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात सध्या कोणती संस्था हे काम बघते याची चौकशी करा. मुंबईत परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय, म्हणजे जुन्या मुंबईकरांचं बैलघोडा हॉस्पिटल, सगळ्यांना माहीत असतं. पशुवैद्यकीय महाविद्यालयं परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला आहेत, तिथल्या दवाखान्यांत खर्च खासगीपेक्षा कमी येतो. खासगी डॉक्टरकडे जाणार असाल तर "भटकी मांजरं आहेत, सहा-सात आणू" असं आधीच बोला. बरेच डॉक्टर दर कमी करतात. विरघळणारे टाके घाला, दुखणं कमी करणारं इंजेक्शन द्या आणि कानाचं टोक घ्या, हे तीनही आधी सांगून ठेवा.

आता पकडणं. हात लावू देणारं मांजर असलं तरी ते कडेवर घेऊन रिक्षात बसायचं नाही. हॉर्न वाजला की ते तुमच्या खांद्यावरून उडी मारतं आणि भर रस्त्यात जातं. कडक प्लास्टिकची, जाळीचं दार असलेली टोपली घ्या. शस्त्रक्रियेच्या आधी आठवडाभर तिचं दार काढून ठेवून खाणं आतच द्या: पहिल्या दिवशी तोंडाशी, मग आत, मग अगदी मागच्या भिंतीला. ज्या दिवशी न्यायचं त्याच्या आदल्या रात्री दार परत बसवलं आणि मांजर आत खात असताना बंद केलं, की झालं. रानटी मांजरासाठी झडप पडणारा पिंजरा लागतो. तो बहुतेक प्राणिसंस्थांकडे अनामत रकमेवर मिळतो. पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र, मागे सुकट. झडप पडली की क्षणभरही न थांबता सगळा पिंजरा जुन्या चादरीने झाका. उघड्या पिंजऱ्यात मांजर जाळीवर डोकं आपटून नाक फोडून घेतं. अंधार झाला की मिनिटभरात शांत होतं. इथे खूप लोक चुकतात ते म्हणजे चादर उचलून उचलून बघतात. बघू नका.

शस्त्रक्रियेआधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टर सांगतील. मोठ्या मांजराला साधारण रात्रभर, पिल्लाला मात्र त्याहून बरंच कमी. अंगावर पिल्लं पीत असलेली भाटी दिसली, म्हणजे स्तनं ओघळलेली आणि भोवतीचे केस गेलेले, तर पिल्लं सहा-आठ आठवड्यांची होईपर्यंत थांबा, नाहीतर ती कुठेतरी भुकेने मरतील.

शस्त्रक्रियेनंतर बोका एक दिवस, भाटी तीन ते पाच दिवस बंद जागेत हवी. कुत्र्याचा मोठा पिंजरा, आत मलमूत्रासाठी वाळूचा ट्रे, आणि वर पुन्हा चादर. हॉस्टेलमधली एखादी बंद स्टोअररूम रेक्टरांकडून लेखी परवानगीने मिळवा. रोज दोनदा टाके बघा: थोडी सूज चालते, पू, रक्त, टाका उसवणं चालत नाही. मग जिथून उचललं तिथेच सोडायचं, दुसऱ्या "चांगल्या" जागी नाही. नव्या जागेत त्याची हद्द नसते, आणि जुनी जागा रिकामी झाली की तिथे बाहेरचं, नसबंदी न झालेलं मांजर येऊन बसतं.

माझ्या मते डिसेंबर-जानेवारी हा उत्तम काळ. हवा थंड असते, जखम लवकर सुकते, गाभण भाट्या त्यामानाने कमी असतात आणि मदतीला मुलं कॅम्पसवर असतात.

पिल्लं सापडली तर

पहिली गोष्ट, हात लावू नका. मांजरी पिल्लं सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात, आणि ती जागा बदलते हे खरंच आहे. एक-एक पिल्लू नेताना बाकीची मागे राहतात, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी "अनाथ पिल्लं" म्हणून ती उचलून आणतं. लांब बसून काही तास बघा. पिल्लं गुबगुबीत, उबदार आणि गप्प असतील तर आई आसपास आहे. थंडगार पडलेली, सारखी ओरडणारी, मुंग्या लागलेली असतील तर थांबू नका.

अशा वेळी आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही आणि पिल्लू दगावतं. बाटलीत गरम पाणी भरा, फडक्यात गुंडाळा, पिल्लाच्या एका बाजूला ठेवा म्हणजे त्याला नको झालं तर सरकता येईल. मग मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर आणा, मोठ्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळते. पालथं ठेवून पाजा. माणसाच्या बाळासारखं उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. त्याआधीची पिल्लं दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा पाजावी लागतात आणि पाजल्यावर ओल्या कापसाने मागची बाजू पुसून शू-शी करवावी लागते. परीक्षेच्या काळात हे एकट्याने जमत नाही, आधीच दुसरा माणूस शोधा. चार आठवड्यांपासून मऊ खाणं सुरू होतं. आठ आठवड्यांनंतरच पिल्लू घरी द्या, आणि देताना नसबंदी करण्याचं लेखी कबूल करून घ्या.

आजार आणि चावणं

पिल्लांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूचा आजार. उलट्या, जुलाब, मलूलपणा, आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास. विषाणू जमिनीवर, भांड्यांवर वर्षभरसुद्धा टिकतो, म्हणून एक पिल्लू गेलं की त्या जागेत लगेच दुसरं आणू नका. भांडी आणि फरशी एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी अशा मिश्रणाने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. लस आहे, आठ-नऊ आठवड्यांपासून देता येते, पुढे तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. रेबीजची बारा आठवड्यांनंतर. नसबंदीच्या दिवशीच दोन्ही टोचून घ्या, हाती लागलेलं मांजर पुन्हा लागेलच असं नाही.

कॅम्पसवर दिसणारा, पण कुणी बोलत नाही असा धोका म्हणजे फिनेल. व्हरांडा पुसला, ओल्या फरशीवरून मांजर गेलं, बसून पंजे चाटले. फिनॉल आणि तशा रसायनांचा निचरा करायची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. सफाईच्या दादांशी बोला, निदान मांजरांच्या कोपऱ्यात साधं साबणाचं पाणी वापरायला सांगा. तोच प्रकार पॅरासिटामॉलचा. "ताप वाटतोय" म्हणून दिलेली क्रोसिनची अर्धी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीचं गोचिडाचं औषधही लावू नका. त्यात परमेथ्रिन असलं तर मांजराला झटके येतात.

बोका वारंवार बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही, मांजर तोंड उघडून श्वास घेतंय, किंवा दोन दिवस काही खाल्लं नाही: यांत उद्यावर ढकलू नका. पहिल्या दोन्हीत तर तासांवर हिशोब असतो.

आता माणसाचं. मांजर चावलं, नख लागून रक्त आलं, तर जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. पंधरा म्हणजे घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. स्नायूत देतात तेव्हा ० (पहिला), ३, ७, १४ आणि २८ अशा दिवसांना, त्वचेत देतात तेव्हा ०, ३, ७ आणि २८ ला. कातडं फाटून रक्त आलं असेल तर सोबत सिरमही, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही, लागतं. मांजर ओळखीचं असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा आणि डॉक्टरांना सांगा, पण लस सुरू करायला तेवढं थांबू नका. मांजराचे दात सुईसारखे, जखम वरून टिकलीएवढी दिसते आणि आत जंतू खोल जातात. बोट सुजून लाल झालं तर प्रतिजैविक लागतं. जे रोज मांजरं पकडणार आहेत त्यांनी आधीच लस टोचून घेणं शहाणपणाचं.

अंगावर गोल, खाजरा चट्टा उठला तर तो नायटा असू शकतो, मांजराकडून येतो. मेडिकलमधून कुणी सुचवलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम लावू नका, त्याने तो दबतो आणि पसरतो. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. गरोदर बाईने मांजराची विष्ठा हाताळू नये, एवढी काळजी पुरे. मांजर हाकलायची गरज नाही.

पावसाळा

औषधाच्या दुकानात थर्माकोलची खोकी फुकट मिळतात. बाजूला वीतभर रुंदीचं भोक पाडा, झाकण चिकटपट्टीने बंद करा, दोन विटांवर ठेवा, तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला. आत चादर घालू नका, ती भिजून कुबट होते. भाताचा सुका पेंढा घाला. रंग भिंतीसारखा द्या, म्हणजे डोळ्यांवर येत नाही. पावसात मांजरं गाडीच्या बॉनेटमध्ये इंजिनाच्या उबेला शिरतात. पार्किंगमध्ये "चालू करण्याआधी बॉनेट थोपटा" अशी पाटी लावायला सिक्युरिटीला सांगा.

प्रशासनाशी बोलणं

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न कुलसचिवांच्या दारात उभं राहिल्यावर येतो. प्रेमाच्या गोष्टी सांगू नका, वही पुढे करा. "या हॉस्टेलमागे अकरा मांजरं, त्यांतल्या आठांची नसबंदी झाली, उरलेल्या तिघांची जानेवारीत. खाण्याची जागा एकच, संध्याकाळी सहाच्या आत साफ." असं बोललं की समोरचा माणूस ऐकतो. एखाद्या प्राध्यापकांना सोबत घ्या, कारण त्यांची बॅच संपत नाही.

कायदा थोडा माहीत हवा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा रीतीने प्राणी टाकून देणं हाही त्यात गुन्हा आहे. प्राण्याला मारणं, विष घालणं, अपंग करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतं आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खायला घालायच्या जागांबद्दल लिहिलं आहे: मुलांच्या खेळायच्या जागांपासून, दारांपासून आणि जिन्यांपासून दूर. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांच्या आवारातून भटके कुत्रे हलवण्याचा जो आदेश दिला तो कुत्र्यांबद्दल होता. बैठकीत कुणीतरी तो मांजरांनाही लावणार, तेव्हा शांतपणे फरक सांगा. पण जिंकायला कायदा बाहेर काढावा लागला, तर समजा बोलणी बिघडली आहेत.

बाहेरचं एक उदाहरण उपयोगी पडतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८९ मध्ये कॅम्पसवरची मांजरं पकडून मारायचं ठरवलं होतं. विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊन नसबंदीचा पर्याय मांडला, विद्यापीठाने मानला, आणि पुढच्या वर्षांत तिथली संख्या घटत गेली. ते काम टिकलं, कारण त्यात फक्त विद्यार्थी नव्हते.

सुट्ट्या आणि पुढची बॅच

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मे-जूनचं वेळापत्रक करा. स्थानिक मुलं, पीएचडीवाले, क्वार्टर्समध्ये राहणारी कुटुंबं यांची वारानुसार नावं. महिनाभराचं कोरडं खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, कॅन्टीनमध्ये किंवा गेटवरच्या चौकीत. ज्या काकांकडे डबा ठेवणार त्यांना आधी विचारा, आणि मानधन देता आलं तर द्या. फुकट राबवायचं आणि वर मांजरप्रेमी म्हणवायचं हे बरं दिसत नाही. सुट्टीच्या दोन आठवडे आधी खाणं हळूहळू कमी करत एकाच वेळेवर आणा, म्हणजे एका माणसाला जमेल. दिवाळीला हेच छोट्या मापात. फटाक्यांच्या दिवसांत मांजरं गायब होतात, ती तीन-चार दिवसांनी परत येतात, तेव्हा शोधत अड्ड्यावरून फिरण्यापेक्षा वाटी नेहमीच्या जागी ठेवत राहा.

पैसे एकाच्या यूपीआयवर जमा होत असतील तर दर महिन्याला बिलांचे फोटो ग्रुपवर टाका. मांजरांचे गट मांजरांमुळे मोडत नाहीत, हिशोबामुळे मोडतात.

शेवटच्या वर्षाच्या मुलांनी जानेवारीतच दोन ज्युनिअर सोबत घ्यावेत. जूनमध्ये नवी मुलं येतात तेव्हा शिकवायला कुणी उरलेलं नसतं. त्यांना एकदा तरी पिंजरा लावायला आणि दवाखान्यात न्यायला बरोबर घ्या, नुसतं खायला घालायला नाही. निघताना द्यायच्या वस्तू: शीटची मालकी, डॉक्टरांचा आणि संस्थेचा नंबर, लसीकरणाचे कागद, पिंजऱ्याच्या अनामतीची पावती, स्टोअररूमच्या परवानगीची प्रत. आणि नव्या दोघांना मेसच्या मावशींकडे आणि रात्रपाळीच्या काकांकडे स्वतः घेऊन जा, नावाने ओळख करून द्या. मावशी विचारतील, "आता हे बघणार का?" तेव्हा उत्तर त्या दोघांनी द्यायचं.